धाकट्याचा प्रश्न

घरात धाकटं असण्याचे फायदे सगळेच सांगतात. लाड होतात, मार कमी बसतो, भांड्याच्या तळाची खरवड वाट्याला येते. तोटे कुणी सांगत नाही. थोरल्याचे कपडे आखूड करून अंगावर चढतात, मत कुणी विचारत नाही, आणि केस पांढरे झाले तरी "ए धाकट्या, जरा पाणी आण" काही सुटत नाही. या माणसाचं तर पाळण्यातलं नाव असून नसल्यासारखं होतं. घरात धाकटा, गल्लीत धाकटा, प्रार्थनाघरातही धाकटाच. एका शिंप्यानं आपल्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं त्यावरही तेच लिहिलं होतं, आणि ते वाचून यानं "माझंच आहे ना?" असंसुद्धा विचारलं नाही.

धंदा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान. दुकान कसलं, खोपटं. आत एक माणूस आणि दोन यंत्रं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. भिंतीवर चामड्याचे पट्टे टांगलेले, डब्यांत सुया आणि बॉबिनी, कोनाड्यात तेलाची बाटली. टाका सुटतोय म्हणून कुणी तोंड पाडून आला की हा आधी चाक हातानं फिरवायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "यंत्रावर बसून बिस्किट खाल्लंस ना?" समोरचा शपथा घ्यायचा, आणि हा शटल उघडून बिस्किटाचा तेलकट चुरा त्याच्या तळहातावर ठेवायचा. गल्लीत सगळे हसायचे. याला मात्र त्या चुऱ्याची मनापासून चीड होती, आणि सणाच्या आधी तर ती टोकाला जायची. ब्रश घेऊन दुकानातला कोपरान्‌कोपरा झाडायचा, यंत्रांचे खण उलटे करून आपटायचा. शिंपी म्हणायचे, "धाकट्याला सणाचं वारं लागलं."

घर यहुदी. दर शुक्रवारी दिवस बुडायच्या आत दिवे लागायचे, नव्या वर्षाला सफरचंदाची फोड मधात बुडवून तोंडात पडायची, आणि मोठ्या उपासाला थोरला भाऊ घड्याळाकडे न् धाकटा थोरल्याकडे बघत दिवस काढायचे. पण या घराचा जीव अडकलेला पेसाखच्या सणात. बापजादे मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते, एका रात्रीत तिथून सुटून निघाले, कणीक फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. म्हणून घरातून खमिराचा कण न् कण बाहेर काढायचा. पाव नाही, बिस्किट नाही, सण संपेपर्यंत नुसती बिनखमिराची कोरडी, करकरीत पोळी. आता कळलं ना, बिस्किटाच्या चुऱ्यावर एवढा राग का ते?

तर सणाच्या पहिल्या संध्याकाळी सगळं घर टेबलाभोवती बसतं. मिठाचं पाणी असतं, ते डोळ्यांतलं पाणी म्हणून. कडू पाला असतो, तो गुलामीची चव म्हणून. खजूर आणि अक्रोड वाटून केलेला तपकिरी लगदा असतो, तो विटांचा चिखल म्हणून, आणि सगळी पोरं त्या चिखलावरच टपलेली असतात. मग मिसरची गोष्ट सांगायची. पण ती आपली आपण सुरू करायची नाही. टेबलावर जो सगळ्यात लहान असेल त्यानं विचारायचं, ही रात्र बाकीच्या रात्रींसारखी का नाही? आज कोरडी पोळी का, कडू पाला का, पाण्यात बुडवून का खायचं, उशीला टेकून का बसायचं? त्याला एक जुनी चाल आहे, त्या चालीवर विचारायचं. मग मोठ्यांनी उत्तर द्यायचं. प्रश्न नाही तर गोष्ट नाही, आणि गोष्ट नाही तर जेवण नाही, असा सगळा मामला.

धाकट्यानं तो प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा तो टेबलापेक्षा बुटका होता. वडिलांनी त्याला एका तीन पायांच्या स्टुलावर उभं केलं. पोरगं घाबरलं, तेव्हा वडील कानाशी वाकून म्हणाले, "आधी मनात म्हण. सगळं मनात म्हणून झालं की मग मोठ्यानं म्हण. आम्ही थांबतो. आम्हाला कुठं जायचंय?" पोरानं मनात म्हटलं, ओठ हलवत म्हटलं, आणि मग असं खणखणीत म्हटलं की आईनं पदरानं डोळे पुसले. वडिलांनी उशीला टेकून उत्तर दिलं. आपण राबत होतो, आपल्या पाठी वाकल्या होत्या, आणि आपल्याला तिथून काढलं गेलं. पोरगं खजुराचा चिखल चाटत ऐकत राहिलं.

असं एखाददोन वर्षं चालतं. मग घरात दुसरं पोर येतं आणि स्टुलावर ते चढतं. जगाची रीतच आहे. पण या घरात दुसरं पोर आलंच नाही. अक्का मोठी, थोरला मधला, आणि हा शेंडेफळ. अक्काचं लग्न झालं ते लांब, दुसऱ्या मुलखात. तिची मुलगी तिकडच्या टेबलावर प्रश्न विचारून मोठी झाली. थोरल्याचं लग्न झालं, वहिनी आली, पाळणा काही हलला नाही. धाकट्याला मिसरूड फुटलं तरी प्रश्न याच्याच गळ्यात. आवाज फुटला त्या वर्षी तर चाल अशी फाटली की थोरला हसता हसता उशीवरून घसरला.

मग याचं लग्न ठरलं. मुलगी दोन वर्षांनी मोठी निघाली. वहिनी म्हणाली, "चला, म्हणजे भावजी इथंही धाकटेच." हसले सगळे. हाही हसला, पण मनात त्यानं हिशेब केला होता, की आता काय, वर्षा-दोन वर्षांत सुटलो. त्यानं ते तीन पायांचं स्टूल माळ्यावरून काढलं, हलणारा पाय खिळवला, वर नवं कापड चढवलं. बायकोला दिवस गेले. टिकले नाहीत. पुन्हा गेले, पुन्हा टिकले नाहीत. दुसऱ्या वेळी पोट चांगलं दिसायला लागलं होतं, आणि बायको शुक्रवारचे दिवे लावून झाल्यावर तळहातांनी डोळे झाकून इतका वेळ उभी राहायची की याला काळजी वाटायची, कसलं मागणं मागतेय एवढं. ते गेल्यावर ती पुन्हा कधी तेवढा वेळ उभी राहिली नाही. दिवे लावायची, डोळे झाकायची, लगेच हात खाली. यानं स्टूल परत माळ्यावर टाकलं. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत. बोलून काय होणार होतं, सांगा.

आई गेली, मग वडील गेले. दोन्ही वेळा भाऊ सुतकाच्या रीतीनं आरशांवर चादरी टाकून जमिनीवर बसले, शेजारपाजारचे उकडलेली अंडी घेऊन आले. वडिलांच्या खुर्चीत थोरला बसायला लागला. थोरला औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचा. गोष्टही तो पुडी बांधल्यासारखीच सांगायचा, नीटनेटकी, जास्त नाही, कमी नाही. टेबलाभोवती आता चौघं. दोन भाऊ, दोन जावा. आणि पन्नाशी उलटलेला, चष्मा लावलेला, बोटांच्या रेघांत तेल मुरलेला माणूस सगळ्यात लहान म्हणून दरवर्षी विचारायचा, की ही रात्र बाकीच्या रात्रींसारखी का नाही.

घोडा झाला तरी प्रश्न विचारतो म्हणून थोरला चिडवायचा. धाकटा चिडायचा नाही. पण तुम्हाला खरं सांगायचं तर त्याला एकाच गोष्टीची आस लागली होती, आणि ती आस कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्याला मोठं व्हायचं होतं. घर नको, नाव नको. फक्त एक वर्ष, एका टेबलाशी, आपल्यापेक्षा लहान कुणीतरी तो प्रश्न विचारावा आणि आपण उशीला टेकून ऐकावा. त्याशिवाय मरण आलं तर आपण मधेच तोडलेल्या दोऱ्यासारखे राहू, असं त्याला वाटायचं.

आणि मग अक्काच्या मुलीचा फोन आला. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाची म्हणाली, "मामा, या सणाला येऊ का तुमच्याकडे? चिमीलाही आणते."

चिमी म्हणजे भाचीची मुलगी, सहा वर्षांची. धाकट्यानं फोन कानाला इतका दाबून धरला की कान लाल झाला. "तिला प्रश्न येतो का गं?" हे पहिलं वाक्य. कधी येणार, कसे येणार, ते सगळं नंतर.

"कुठला येतोय मामा. तुम्हीच शिकवा."

मग काय विचारता. दर रविवारी फोन. दुकान अर्धं उघडं, अर्धं बंद, बाहेर शिंपी हातात बिघडलेला भाग घेऊन उभा, आणि आत हा फोनवर चाल लावतोय. चिमी एक ओळ म्हणायची, दोन विसरायची, मधेच विचारायची, "मामाआजोबा, तुमच्याकडे मांजर आहे का?" हा म्हणायचा, "आहे. प्रश्न पाठ झाला की दाखवतो." मांजर नव्हतं. पण त्या दिवसांत त्यानं मांजरही आणून उभं केलं असतं. आणि एकदा ती रडकुंडीला आली, सगळ्यांसमोर विसरले तर, म्हणाली. तेव्हा त्यानं तिला वडिलांचं वाक्य दिलं. "विसरत नाहीस. आधी सगळं मनात म्हण, मग मोठ्यानं म्हण. आम्ही थांबतो. आम्हाला कुठं जायचंय?"

स्टूल माळ्यावरून खाली आलं. त्यानं त्याला नवं कापड लावलं, कडेला शिंप्यांकडून मागून आणलेली झालर शिवली. बायको दारातून बघत होती. "मुलगी बसायची आहे की राणी?" म्हणाली, पण तिचा आवाज ओला झाला होता. दोघी जावांनी मिळून घर धुतलं. सणाच्या आदल्या रात्री चौघांनी मेणबत्ती घेऊन कोपरे तपासले, पाखराच्या पिसानं चुरा गोळा केला, सकाळी अंगणात जाळला. थोरल्याची तब्येत तोवर बरीच खालावली होती. छातीत पाणी भरायचं, जिना चढला की भिंतीला टेकायचा. पण म्हणाला, "या वर्षी गोष्ट मी पोरीला सांगणार. पुडी नाही बांधणार, पसरून सांगणार."

भाची आली, चिमी आली. पोरगी बारीक, डोळे मोठे, दातांत खिडकी. आल्या आल्या मांजर विचारलं. धाकट्यानं कबूल केलं की मांजर नाही, तर ती म्हणाली, "मग तुम्ही खोटं बोललात." सगळे हसले, आणि तीही हसली. दुपारभर ती दुकानात त्याच्या मांडीवर बसून यंत्राचं चाक फिरवत होती. गल्लीतला प्रत्येक शिंपी येऊन बघून गेला. धाकट्यानं प्रत्येकाला सांगितलं, "ही आज प्रश्न विचारणार आहे." त्यांना कळलं काय आणि नाही काय, तो सांगत सुटला होता.

संध्याकाळी दिवे लागले. त्या दिवशी बायकोनं तळहात डोळ्यांवर धरले ते बराच वेळ काढले नाहीत. थोरल्यानं द्राक्षरसाचा पहिला पेला भरून आशीर्वाद म्हटला. पाला मिठाच्या पाण्यात बुडवला. तीन पोळ्यांतली मधली मोडून अर्धी रुमालात बांधून धाकट्याच्या उशीमागे लपवली, पोरांनी नंतर शोधून काढायची म्हणून. दुसरा पेला भरला. थोरल्यानं चिमीकडे बघून मान हलवली.

चिमी स्टुलावर उभी राहिली. शेजारच्या खुर्चीत धाकटा. सगळं घर गप्प. पोरीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. टेबलाकडे बघत उभी राहिली. भाचीनं पुढं सरकून काही बोलायचं केलं, तर थोरल्यानं हातानं थांबवलं. वाट बघितली. मेणबत्तीची वात एकदा तडतडली. धाकट्याच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. विसरली, असं त्याला वाटलं. सगळ्यांसमोर पोर विसरली, आता रडणार, आणि हे सगळं आपल्यामुळे. आणि दुसरंही होतं, ते त्याला स्वतःलाही तेव्हा कळलं नाही. या टेबलाशी या घटकेला पसरलेली शांतता आजवर त्यानंच मोडलेली होती. लहानपणापासून दरवर्षी ही शांतता त्याच्याकडेच बघत आलेली. जीभ आपली आपण उठली.

त्यानं म्हणायला सुरुवात केली. चालीवर, खणखणीत, पहिल्या शब्दापासून. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. पोळी का, पाला का, बुडवायचं का, टेकायचं का, सगळं म्हणून संपलं तेव्हाच तो भानावर आला.

थोरला त्याच्याकडे बघत होता. "अरे धाकट्या," एवढंच म्हणाला.

चिमी स्टुलावरून खाली उतरली. रडली नाही. आईपाशी जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी मनात म्हणत होते."

धाकट्याला तेव्हा उमगलं. ओठ हलत होते पोरीचे. हलत होते, त्यानं पाहिलेसुद्धा होते. शेवटच्या ओळीपर्यंत आली असेल. त्यानंच तर शिकवलं होतं.

"परत म्हण ना गं," तो म्हणाला. "मी चुकलो. परत म्हण. आम्ही थांबतो."

"आता झालं ना विचारून," चिमी म्हणाली.

भाची म्हणाली, "असू द्या हो मामा, पोरं काय, पुढच्या वर्षी म्हणेल." वहिनीनं पोरीला बोटभर खजुराचा चिखल चाखायला दिला. थोरल्यानं गोष्ट सांगितली, ठरवल्यासारखी पसरून सांगितली, दम लागत होता तरी सांगितली. पण चिमी आईच्या मांडीत तोंड खुपसून होती. जेवणानंतर लपवलेली पोळी शोधायला ती उठलीच नाही. शेवटी ती धाकट्यालाच काढावी लागली. त्याच्याच पाठीमागे होती.

पुढचं वर्ष. लोक किती सहज म्हणतात. भाची रागावून गेली नव्हती, हे आधीच सांगतो. त्या घरात कुणी कुणावर रागावलं नाही. भाची गेली, पोहोचल्याचा फोन आला, चिमीनं फोनवर "मामाआजोबा, बाय" म्हटलं. धाकट्यानं पुन्हा रविवारचे फोन लावून बघितले. चिमी खेळायला गेलेली असायची, नाहीतर झोपलेली. दोनचार वेळा भाचीनंच तिच्या बाजूनं सबबी सांगितल्या, मग यालाच ते कसंतरी वाटायला लागलं. कानाला खडा लावला, म्हणाला पोरीला छळायचं नाही. त्याच थंडीत थोरला गेला. वहिनी वर्षभर राहिली, मग भाचीनं तिला आपल्याकडे नेलं. वहिनीला एकटीला झेपत नव्हतं, आणि तिकडे औषधपाणी चांगलं होतं. निघताना वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही दोघंही चला." हा म्हणाला, "दुकान आहे." दुकानात तेव्हा काय होतं? अर्धी गल्ली तयार कपड्यांच्या दुकानांनी खाल्ली होती, यंत्रं भंगारात निघत होती. नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं.

मग टेबलाशी दोघंच. हा विचारायचा, बायको उत्तर द्यायची, कारण दोन वर्षांनी मोठी ती. तिला सणाच्या गोष्टीची पोथी वाचता यायची नाही. आपल्या शब्दांत सांगायची, "राबत होतो बाबा आपण. ऊन ऊन वीट हातावर. बायकांची पोरं नदीत टाकत होते." इथं ती दरवर्षी थोडं थांबायची. मग म्हणायची, "पण सुटलो. आता जेव." एकदा यानं विचारलं, "सुटलो का गं खरंच?" ती म्हणाली, "पोथीत लिहिलंय ना, मग सुटलो." आणि त्याच्या पानात अंडं वाढलं. ते सण वाईट नव्हते. पण बायको पोटाच्या दुखण्यानं आजारी पडली, आणि ते दुखणं तिला घेऊनच गेलं. आरशावर चादर यानं एकट्यानं टाकली. अंडी घेऊन येणारं यहुदी घर आता आसपास उरलं नव्हतं. शिंपी आले, दोघं-तिघं, हातात केळी घेऊन. जमिनीवर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं ते त्यांना कळेना, आणि त्यानंही त्यांना सांगितलं नाही. बसले, गेले.

यंदाचा सण आला तेव्हा त्यानं दुकान झाडलं. झाडण्यासारखं एकच यंत्र उरलं होतं, त्याच्या शटलमध्ये बिस्किटाचा चुरा नव्हता, कारण त्यावर कुणी शिवतच नव्हतं. घरी येऊन अंडी उकडली, खजूर वाटला. सण लागला की फोनला हात लावायचा नसतो, म्हणून दिवस बुडायच्या आत त्यानं भाचीकडे फोन लावला. सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, असं स्वतःला सांगून लावला.

फोन चिमीनं घेतला. आवाज भरलेला, मोठ्या मुलीचा. क्षणभर त्याला ओळखूच आली नाही.

"मामाआजोबा, आई बाहेर गेलीय. मामीआजी झोपलीय."

"असू दे. तुझ्याशीच बोलायचं होतं." किती वर्षं घासून ठेवलेलं वाक्य, माझं चुकलं गं, ते बाजूलाच राहिलं. तो म्हणाला, "आज प्रश्न तूच विचारणार ना?"

"मी? नाही हो. मला नाही येत." ती हसली. सहज हसली, त्यात काहीही नव्हतं. "आम्ही आता एवढं नाही करत. मामीआजी लवकर झोपते ना. नुसतं जेवतो."

"येत होता तुला. सगळा येत होता. मी ऐकलाय फोनवर."

"हो? मला नाही आठवत." मग म्हातारा माणूस आहे, याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तुम्हीच म्हणा मामाआजोबा. तुम्हाला छान येतो. आई सांगते, तुमच्यासारखा कुणालाच येत नाही."

त्यानं फोन ठेवला. बाहेर उजेड उतरत होता, म्हणून उठला आणि दिवे लावले. ते काम बायकोचं. हात डोळ्यांवर ठेवायचे असतात हे आठवलं, ठेवले, लगेच काढले.

टेबल मांडलेलं होतं. वडिलांची, मग थोरल्याची, मग बायकोची झालेली खुर्ची, तिच्यावर उशी. त्याची नेहमीची खुर्ची. आणि शेजारी तीन पायांचं झालरवालं स्टूल. ते का मांडलंय, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण विचारायला कोण होतं. पहिला पेला भरला, आशीर्वाद म्हटला. पाला मिठाच्या पाण्यात बुडवला. मधली पोळी मोडली, अर्धी रुमालात बांधली. लपवायची म्हणून हात उशीकडे गेला, आणि परत आला. रुमाल त्यानं समोरच ठेवला. दुसरा पेला भरला.

पोथीत याची सोय आहे. मूल नसेल तर बायकोनं विचारावं, आणि माणूस एकटाच असेल तर त्यानं स्वतःलाच विचारावं. वडिलांनी लहानपणी हे वाचून दाखवलं होतं, तेव्हा दोघं भाऊ खो-खो हसले होते. एकटा माणूस स्वतःलाच विचारतोय आणि स्वतःच सांगतोय, वेडाच की तो, असं थोरला म्हणाला होता.

धाकट्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. या वेळी तो थांबला. स्टुलाकडे बघत थांबला. पोरीला तेव्हा एवढाच वेळ हवा होता. ती पहिली ओळ मनात म्हणतेय, दुसरी म्हणतेय, असं धरून तो थांबला, मग तिसरी, मग चौथी, अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून. मेणबत्तीची वात तडतडली तरी हलला नाही. घाम आला तरी हलला नाही. आम्ही थांबतो, आम्हाला कुठं जायचंय. वाढलेलं सगळं टेबलावर तसंच होतं, पाला सुकून काळा पडत चालला होता.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. चालीवर नाही, नुसतंच, बाजूच्या माणसाला वेळ विचारावी तसं. ही रात्र बाकीच्या रात्रींसारखी का नाही? पुढचं त्याला म्हणवेना. कारण ती बाकीच्या रात्रींसारखीच होती. कालही असाच बसला होता, परवाही.

आता उत्तर द्यायचं होतं. जन्मभर त्यानं प्रश्न पाठ केला होता. उत्तर द्यायची पाळी कधी आलीच नाही, म्हणून ते त्याला पाठ नव्हतं. पोथी वडिलांच्या त्या खुर्चीसमोर उघडी होती, आणि ती वाचायला त्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार होतं. तो उठला नाही. सवयीनं समोर बघत, कुणीतरी सांगेल म्हणून आपल्या जागी बसून राहिला.